दात खरे, जबडा खोटा

मोरोक्कोला जाणार असाल आणि सहाराच्या वाटेवर एर्फूदला थांबणार असाल, तर आधी हे वाचा. मी तिथे १,८०० दिरहम, म्हणजे साधारण १५ हजार रुपये, घालवून आलोय.

एर्फूदमध्ये जीवाश्मांची दुकानं पुष्कळ. ड्रायव्हरने गाडी नेमकी एकापुढे उभी केली (कमिशन असणार, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही). आधी पुदिन्याचा चहा आला, मग कापडात गुंडाळलेला मोसासॉरचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, जबडा. हातभर लांब, पिवळट वाळूच्या दगडात रुतलेला, पाच दातांचा. मी थोडंफार वाचून गेलो होतो, त्यामुळे मोठ्या शहाणपणाने दात तपासले. मोसासॉरच्या दाताला सहसा पुढे-मागे दोन धारा असतात. बोट फिरवलं, धारा लागल्या. चकाकी, त्यावरच्या केसासारख्या भेगा, सगळं पुस्तकात होतं तसं. दुकानदाराने स्वतःहून भिंग दिलं. वर लायटर पेटवून ज्योत दातावर धरली. प्लास्टिक असतं तर वास आला असता, म्हणाला. वास आला नाही. ४,००० वरून घासाघीस करत १,८०० ला सौदा ठरला आणि आपणच त्याला गंडवलं, अशा खुशीत मी बाहेर पडलो.

घरी शोकेसमध्ये ठेवल्यावर आई म्हणाली, "ही कुणाची कवळी घेऊन आलास?"

आमच्या सोसायटीत भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. कौतुकाने त्यांना दाखवायला नेलं. सरांनी वस्तूला हात लावायच्या आधी विचारलं, "कुठे सापडला म्हणाला?" मी म्हटलं, दुकानामागच्या डोंगरात, त्याच्या काकांनी खणून काढला. सर हसायलाच लागले. एर्फूदचे ते जीवाश्मांचे डोंगर डेव्होनियन काळातले, ३५ कोटी वर्षांहून जुने. तिथे ट्रायलोबाइट, म्हणजे कवचवाले जुने समुद्री किडे, मिळतात. मोसासॉर त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी आले आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. बाजारातले हे दात येतात खुरीब्गाकडच्या फॉस्फेटच्या खाणींतून, म्हणजे अ‍ॅटलास पर्वताच्या पार पलीकडून. काकांनी बराच लांब बोगदा खणला असणार.

मग त्यांनी सूनबाईंकडून नेलपॉलिश रिमूव्हर मागवला, कापसाचा बोळा भिजवून 'दगडा'वर घासला. बोळा चिकट झाला आणि वाळू सुटून आली. भिंगातून बारीक गोल छिद्रं दिसली. ते हवेचे बुडबुडे, डिंक वाळताना अडकलेले. खाली हाडांचा चुरा आणि कुठल्याशा माशाचे मणके. दुकानदाराने ज्योत दाताला लावली होती, दगडाला नाही, हे मला तेव्हा आठवलं.

"दात खरेच आहेत रे," सर म्हणाले, "पण एका तोंडातले नाहीत." दोन जाडजूड, दोन वेगळ्याच मोसासॉरचे. पाचवा सडपातळ, जवळजवळ गोल, धार नाही, लांबीला बारीक रेघा. तो बहुधा प्लेसिओसॉरचा, म्हणजे त्याच काळातल्या दुसऱ्या एका समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा. आणि मूळ एकालाही नाही! मोसासॉरचा दात जाडसर हाडासारख्या मुळावर उभा असतो, आणि त्या मुळाला पुष्कळदा बाजूने खळगा असतो, खालून येणाऱ्या नव्या दाताने केलेला. शिवाय प्रत्येक दाताची खोबण स्वतंत्र. माझ्या जबड्यात दोन दात एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी बसवले होते.

या खोबणीवरून तज्ज्ञांतही वाद झालाय. २०२१ साली खुरीब्गाकडच्याच एका खाणीतल्या जबड्यावरून झेनोडेन्स नावाची मोसासॉरची नवी जात जाहीर झाली. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी शंका काढली, की त्यात एका खोबणीत दोन दात आहेत, तेव्हा तो बनावट असू शकतो, सीटी स्कॅन करा. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा नुसता दात बघून भुलू नका. खाणीत ते ढिगाने निघतात, कारण हे प्राणी जन्मभर दात पाडत आणि नवे उगवत. सुटा दात खोटा करण्यात कुणाला फारसा फायदा नाही. लबाडी चालते ती मुळात, जबड्यात आणि भोवतीच्या दगडात. बोळा तिथे घासा. दुकानदार नाही म्हणाला, तर चहा संपवून उठा.

जबडा मी अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमधल्याच द्रवात, बुडवून ठेवला. दोन दिवसांत गाळ झाला. पाच दात आता काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात आहेत. त्याच दुकानात, दाराजवळच्या परातीत, असे सुटे दात तीस दिरहमला एक मिळत होते. आत जाताना मीच ती परात ओलांडून गेलो होतो.