एस१००० टाकलं की हजार फिरतं, पण एस८०० टाकून पाहा

हिंगणा एमआयडीसीत आमची छोटी टूलरूम आहे. तिथली एचएमटीची जुनी व्हर्टिकल मिलिंग आम्ही आधीच रेट्रोफिट करून, म्हणजे जुन्या मशीनवर कॉम्प्युटरचं नियंत्रण बसवून घेतली होती. बॉलस्क्रू, सर्वो, आणि मशीन चालवायला कॉम्प्युटरवर मॅक थ्री हे सॉफ्टवेअर. ते काम चोख झालं, त्या कारागिराबद्दल तक्रार नाही. फक्त स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, स्टार्टरवरच राहिलं होतं. ऑपरेटरने गिअर टाकायचा, हिरवं बटण दाबायचं, मग सायकल स्टार्ट. बटण विसरला की थांबलेला कटर सरळ जॉबमध्ये.

म्हणून स्पिंडलही कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, आणि ओळखीतून वाडीकडचा एक रेट्रोफिटवाला आला. "सगळं होऊन जाते भाऊ. एम०३, एम०४, एम०५, एस कमांड, वरून रिजिड टॅपिंग. तुम्ही फक्त प्रोग्राम टाका." (एम०३ म्हणजे स्पिंडल सुलटं फिरव, एम०४ उलटं, एम०५ बंद. एस म्हणजे मिनिटाला किती फेरे. रिजिड टॅपिंग म्हणजे भोकात आटे पाडताना टॅपचं फिरणं आणि खाली उतरणं एकमेकांना बांधणं.) ५ एचपीचं ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र), एन्कोडर (स्पिंडलच्या फेऱ्या मोजणारा), वायरिंग धरून ९५ हजार, वर १७,१०० जीएसटी. भाव बाजारापेक्षा कमी नव्हता. स्वस्तात देतो म्हणाला असता तर आधीच शंका आली असती.

डेमो त्याने झकास दिला. एमडीआयमध्ये, म्हणजे एकेक कमांड हाताने टाइप करून, एम०३ एस५०० टाकलं, स्पिंडल फिरलं. एस१००० टाकलं, आवाज चढला. एस१५०० ला तर शेजारच्या गाळ्यातले लोकही पाहायला आले. स्क्रीनवर दरवेळी आकडा बरोबर. एम०५ ला गपकन बंद. बाकीचे पैसे त्याच संध्याकाळी दिले.

उन्हाळा लागला आणि ड्राइव्ह ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "नागपूरचं ऊन आहे भाऊ, पॅनेल तापते, पंखा लावा." यात अर्धं खरं होतं, म्हणून पटलं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो, आणि तापलेल्या पॅनेलमध्ये ड्राइव्हची ताकद खरंच घटते. पंखा लावला. तरी जरा खोल कट घेतला की ट्रिप. त्यातली वाईट गोष्ट अशी की स्पिंडल थांबायचं आणि टेबल चालूच राहायचं. थांबलेल्या कटरवर जॉब रेटला जायचा. २० मिलिमीटरचे चांगले कटर असे गेले.

मग टॅपिंग. एम६ चा टॅप, पिच (एका फेरीत उतरायचं अंतर) १ मिलिमीटर, एस३०० म्हणजे फीड मिनिटाला ३०० मिलिमीटर. हिशोब साधा आहे. टॅप पहिल्याच भोकात तुटला, तोही सगळं मशीनिंग झालेल्या जॉबमध्ये. पुन्हा फोन केला, "टॅप लोकल असंन."

शेवटी आमच्या ओळीतले जुने पॅनेलवाले काका टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, घेऊन आले. स्पिंडलला चमकती पट्टी चिकटवली आणि मला म्हणाले, डेमोतले आकडे सोड, आडवेतिडवे टाक. एस८०० ला टॅकोमीटरवर हजाराच्या आसपास. एस१२०० लाही तेच. एस३०० ला पाचशे! म्हणजे टॅप पाचशेने फिरत होता आणि झेड, म्हणजे वर-खाली जाणारा अक्ष, तीनशेच्या हिशोबाने उतरत होता. तुटणार नाही तर काय?

मग पॅनेल उघडलं. असं काम करताना कॉम्प्युटरला जोडलेल्या बोर्डातून ० ते १० व्होल्टचा सिग्नल ड्राइव्हच्या अ‍ॅनालॉग टर्मिनलवर जायला हवा. जितके व्होल्ट, तितका वेग. ते टर्मिनल कोरं होतं. स्क्रूला पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. त्याऐवजी रिलेच्या (चालू-बंद स्विचच्या) वायरी डिजिटल इनपुटवर आणून ड्राइव्हमध्ये तीन वेग आधीच भरून ठेवले होते, मिक्सरच्या बटणांसारखे. मॅक थ्रीमधला एम०३ चा मॅक्रो, म्हणजे त्या कमांडमागचा छोटा प्रोग्राम, उघडला तर आत तीन अटी: ७५० च्या खाली हा रिले, १२५० पर्यंत तो, वर तिसरा. डेमोत नेमके तेच तीन आकडे का होते, ते तेव्हा कळलं. स्क्रीनवरचा आकडा तर आपण मागितलेला वेग होता. मोजलेल्या वेगाची खिडकी त्याने स्क्रीनवरून काढूनच टाकली होती.

एन्कोडर ब्रॅकेटवर दिमाखात बसलेला. त्याची केबल डक्टमध्ये शिरली होती आणि तिथेच कापून दुमडून ठेवलेली. जोडली असती तरी उपयोग नव्हता, कारण मॅक थ्री स्पिंडलच्या फेरीला झेड बांधून खरं रिजिड टॅपिंग करतच नाही. त्यात टॅपिंग करायचं तर लांबी-आखूड होणारा फ्लोटिंग होल्डर लागतो. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते होतं, पण त्यालाही जोडलेला एन्कोडर हवाच. म्हणजे हा माणूस जे सॉफ्टवेअरलाच जमत नाही ते बिलावर लिहून विकत होता.

ड्राइव्हवरचं ५ एचपीचं स्टिकर काकांनी नखाने उचललं. खाली मूळ नेमप्लेट, २.२ किलोवॅट, म्हणजे ३ एचपी. स्टिकर सोलायचं नसेल तर बहुतेक ड्राइव्हच्या कीपॅडवर रेटेड करंट पाहता येतो. आमच्या ५ एचपीच्या मोटरला साडेसात-आठ अँपिअर लागतो, हे ड्राइव्ह पाच-साडेपाचचं. उन्हाचा दोष फार थोडा निघाला. आणि ड्राइव्हचा फॉल्ट कॉन्टॅक्ट इमर्जन्सी स्टॉपच्या सर्किटमध्ये घेतलाच नव्हता, म्हणून टेबल थांबत नव्हतं. बाकी लबाडी पैशांची होती, ही मात्र कुणाच्या तरी बोटांवर बेतली असती.

जीएसटीची गंमत शेवटी सीएने सांगितली. ते १७,१०० आमच्या २बी मध्ये, म्हणजे वजा करता येणाऱ्या जीएसटीच्या पोर्टलवरच्या यादीत, आलेच नाहीत. बिलावरचा २७ ने (महाराष्ट्राचा कोड) सुरू होणारा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी बिलाच्या आधीच रद्द झालेली. हे कुणालाही फुकटात, मिनिटभरात पाहता येतं.

त्याचा फोन आता लागत नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता वकिलाने सोडायला सांगितला, कारण धंद्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतःच मशीन चालवणाऱ्याला मात्र तो रस्ता उघडा आहे, त्यांनी जरूर विचारावं.

काकांनी खरं ५ एचपीचं ड्राइव्ह बसवलं, अ‍ॅनालॉगची शील्डेड केबल मोटरच्या केबलपासून लांबून नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली आणि फॉल्ट कॉन्टॅक्ट जोडला. टॅपिंग सध्या फ्लोटिंग होल्डरवर चालू आहे.

तो माणूस आता बुटीबोरीत दुसऱ्या नावाने कोटेशन देतो असं कानावर आलंय. कोटेशनमध्ये मॅक थ्री आणि रिजिड टॅपिंग एकाच ओळीत दिसलं, तर पैसे देण्याआधी टॅकोमीटर आपला आणा, एस६३० टाका आणि एन्कोडरची केबल पॅनेलमध्ये कुठल्या टर्मिनलवर जाते ते बोट ठेवून दाखवायला सांगा.