मांजरीच्या पिल्लांसाठी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला पिंजरा: कसा आहे, कोणी घ्यावा

अर्धरानटी पिल्लं घरात आणणार असाल तर पिंजरा घ्याच, आणि जमलं तर तयार घेण्यापेक्षा करून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतला. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. चौकोनी पाइपाची चौकट, अर्ध्या इंचाची जाळी, समोर दार, वरून झाकण आणि खाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे. रंगासकट २,२०० रुपये पडले. ऑनलाइन घडीचे पिंजरे मिळतात, पण आमच्या पिनकोडवर ते येत नाहीत. शिवाय फोटोत पाहिले त्यातल्या कित्येकांच्या सळयांमध्ये एवढी फट होती की महिनाभराचं पिल्लू त्यात मान घालून अडकेल.

आमची पिठाची चक्की आहे. चक्कीच्या मागच्या खोलीत कापूस भरून ठेवतो, तिथेच एका भटक्या मांजरीने पिल्लं दिली. पुढे ती रस्त्यावर गाडीखाली गेली आणि कापूस विकायला काढला तेव्हा तीन पिल्लं उघड्यावर आली. पोरीने लगेच नावं ठेवली: कापशी, सरकी आणि बोंड्या. चक्कीच्या काट्यावर टोपलीसकट तोलली, टोपलीचं वजन वजा जाता एकेक सहाशे-साडेसहाशे ग्रॅम भरलं. पिल्लाचं वजन महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅमच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे ती सव्वा-दीड महिन्याची असावीत. डोळ्यांचा निळेपणाही जायला लागला होता.

हे वय फार मोलाचं. दोन ते सात आठवडे या काळात पिल्लू ज्याच्या सहवासात राहतं त्याला ते आपलं मानतं. आमच्या पिल्लांनी माणसांचे आवाज ऐकले होते, चक्कीची घरघर ऐकली होती, पण माणसाचा हात त्यांना कधी लागला नव्हता. म्हणूनच त्यांना अर्धरानटी म्हणते. पूर्ण रानटी मांजर माणसाची चाहूल लागली की निघून जातं. ही जात नाहीत. कोपऱ्यात बसून सगळं पाहत राहतात आणि जवळ गेलं की फिसकारतात.

वेल्डिंगवाल्या भाऊला माप सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, मांजरीच्या पिल्लाईले पिंजरा कायले पाह्यजे? डालग्याखाली ठेवा ना." डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली, कोंबड्यांना ठीक आहे. पण त्याला दार नाही, ते उचललं की पिल्लू थेट कणगीमागे जातं. मग त्याला पकडायला झोंबाझोंबी, आणि झोंबाझोंबी झाली की आठवडाभराची मेहनत पाण्यात. घरभर मोकळं सोडलं तरी तेच. जागा जेवढी मोठी तेवढी भीती मोठी, पिल्लू पलंगाखाली राहतं आणि रात्रीच बाहेर येतं. पिंजऱ्यात त्याला पळावं लागत नाही आणि आपल्याला पकडावं लागत नाही. हे त्या भाऊला पटलं, आणि काम त्याने मन लावून केलं.

आता पिंजऱ्याच्या खोड्या. त्याने तळालाही जाळी ठोकली होती, कोंबड्यांच्या पिंजऱ्याला ठोकतात तशी, घाण खाली पडावी म्हणून. पिल्लांच्या पंजांना ती टोचते आणि त्यावर नीट बसताही येत नाही. ती काढायला लावा, नाही तर वर प्लायवूडचा तुकडा टाका. ट्रेच्या कडा धारदार होत्या, कानस मारून घ्यावी लागली. सगळ्यात वाईट म्हणजे दाराच्या कडीचा आवाज. खण्ण वाजली की तिन्ही पिल्लं एकमेकांवर चढून मागच्या भिंतीला चिकटायची. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडीला गुंडाळली, आवाज गेला. ट्रे ओढताना करकरतो, त्याच्याखाली सुतळी चिकटवली. ही दोन कामं दुकानातच करून मागा. आवाज बंद झाल्यावर दार उघडताना पिल्लं मागे जाणं कमी झालं, हा फरक मला अगदी स्पष्ट दिसला. ऑइल पेंटचा वास मात्र आठ-दहा दिवस जात नाही, तोवर पिंजरा उन्हात राहू द्या.

पिंजऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे आतलं खोकं. २०१४ साली नेदरलँड्समधल्या एका प्राणी निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचा अभ्यास झाला. ज्यांना लपायला खोकं दिलं होतं त्यांचा ताण लवकर उतरला. आमच्याकडेही खोकं ठेवल्यावर कापशी त्याच्या तोंडाशी येऊन बसायला लागली. मागे लपायची सोय आहे हे कळलं की पुढे यायचं धाडस होतं. खोकं किराण्याचं घ्या, बिस्किटांचं घ्या. बियाण्याचं किंवा फवारणीच्या औषधाचं नको, कापसाच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. अर्ध्या पिंजऱ्यावर गोणपाट टाका. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३च्या वर जातो, तेव्हा ते ओलं करा. पिंजरा पत्र्याखाली नको, माजघरात ठेवा. माजघरात माणसांची ये-जा असते, भांडी वाजतात, टीव्ही चालतो. त्या रोजच्या आवाजांची सवय होणं हे अर्धं काम आहे.

वरचं झाकण ही भाऊचीच सूचना, ससे पाळणाऱ्यांना तो तसं करून देतो. साफसफाईला ते उत्तम. पण पिल्लाला हात लावायला झाकण उघडू नका. वरून येणारा हात त्याला घारीच्या जागी दिसतो. हात नेहमी समोरच्या दारातून, जमिनीलगत, हळू.

पहिले काही दिवस फिसकारणं, थुंकल्यासारखा आवाज काढणं, पंजा आपटणं हे सगळं होतं. बघणारे म्हणतात, फार रागीट आहेत. राग नसतो तो. कान मागे चपटे, बाहुल्या मोठ्या, अंग आखडलेलं, ही सगळी भीतीची लक्षणं. पिल्लू सांगतं की आणखी जवळ येऊ नका, एवढंच. तिथे थांबावं. सासूबाई दारातून पाहत होत्या, म्हणाल्या, "पोरी, त्याईच्या डोयात डोये घालू नको, भेतेत थे." त्यांचं खरं आहे. रोखून पाहणं मांजराला धमकी वाटते. डोळे हळूच मिटून हळूच उघडायचे, नजर बाजूला न्यायची. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हेच दाखवलं: माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही मिचकावतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ जास्त येतात. बोंड्याने पहिल्यांदा मला डोळे मिटून दाखवले तेव्हा मी कणीक मळत बसले होते, परातीतला हात तसाच थांबला.

जेवणाचं असं ठेवा की अन्न पिंजऱ्यात दिवसभर पडून राहणार नाही. ठरल्या वेळी द्या आणि तिथेच बसा, आधी लांब, मग रोज थोडं जवळ. माणूस आला की जेवण येतं हे डोक्यात बसलं पाहिजे. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन आमच्याकडे चाललं. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, त्यामुळे रश्श्यातले तुकडे धुऊनही नकोत. दूध मात्र सगळे कौतुकाने घालतात आणि मग पिल्लांना हगवण लागते. आईचं दूध सुटलेल्या पिल्लाला गाईचं दूध पचतंच असं नाही. वाटीभर पाणी पुरे. सरकी खाताना गुरगुरायची, दुसऱ्यांना येऊ द्यायची नाही. तीन वेगळ्या ताटल्या ठेवल्यावर गुरगुर थांबली.

हात लावण्याआधी आम्ही तुरीची काडी वापरली. टोकाला मऊ चिंधी गुंडाळलेली लांब तुराटी समोरच्या दारातून आत घालायची आणि गालावर, कानामागे हलकेच फिरवायची. पिल्लू आधी चिंधीला मारतं, मग हुंगतं, मग गाल घासतं. गाल घासला की काडी रोज थोडी आखूड करायची, शेवटी बोटं येतात. कापशी आणि बोंड्या या रस्त्याने मांडीपर्यंत आले. चिंधी पक्की बांधा. सुटा दोरा पिल्लाने गिळला तर आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतं.

शौचासाठी शिकवावं लागत नाही, उकरायला भुसभुशीत काही दिलं की पिल्लं आपणच जातात. आपली काळी माती ओली झाली की पंजाला चिकटते, म्हणून निम्मी रेती मिसळा. ट्रे गरम पाणी आणि साबणाने धुवा. फिनाइल वापरू नका, मांजरं पंजे चाटतात आणि ते त्यांना बाधतं. पिसवा दिसल्या तर जनावरांच्या गोचिडांचं औषध तर चुकूनही लावू नका. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधं मांजराच्या जिवावर उठतात. पशुवैद्यकाला पिल्लाचं वजन सांगून औषध विचारा.

पोरीला सरकीने एकदा ओरबाडलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे रेबीजची लस कातडीत देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पिल्लू लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. पिल्लांनाही तीन महिन्यांचं वय झालं की रेबीजची लस द्या.

दार उघडायची वेळ आली की पुन्हा सगळं मागे गेल्यासारखं वाटतं. मांडीवर बसणारी कापशी खोलीत सोडल्यावर पिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसली, चक्कीचा पट्टा फिरायला लागला की आणखी आत सरकायची. याने घाबरू नका. माणसाची भीती गेली होती, जागेची नवीन होती. आधी एकच खोली द्या, पिंजऱ्याचं दार दोरीने उघडं बांधून ठेवा, खोकं आणि ताटली आतच असू द्या. कापशी आपणच परत पिंजऱ्यात यायला लागली आणि तिथून रोज थोडी पुढे जायला लागली.

सरकी अजून मांडीवर येत नाही. जेवताना पाठीवर हात फिरवू देते, त्याहून जास्त नाही, आणि तिला मी जास्त मागतही नाही. काही पिल्लं तेवढीच जवळ येतात. ती कापसाच्या खोलीत उंदरांवर लक्ष ठेवते, संध्याकाळी जेवायला घरात येते. तिची नसबंदी मात्र आधी करून घेतली. मांजरी चार महिन्यांतच गाभण राहू शकते, वाट पाहिली तर वर्षाच्या आत घरात आणखी पिल्लं.

त्या नसबंदीसाठी यवतमाळला न्यायचं होतं, तेव्हा या पिंजऱ्याची खरी उणीव कळली: तो जड आहे, एसटीत नेता येत नाही. दोन माणसं लागतात. फळांचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट एकमेकांवर उपडे घालून दोरीने आवळले, आत जुनं लुगडं टाकलं, वरून झाकलं आणि तशी नेली. तुम्ही करून घेणार असाल तर त्याच दुकानातून दीड फुटाचा, वरून उघडणारा, पकडायला मूठ असलेला एक छोटा पिंजराही सांगा. भाऊने त्याचे साडेसातशे सांगितले आहेत, माझा पुढच्या आठवड्यात होईल.