जुनी ‘कॉन्ट्रा’ की नवी ‘५००आय’?

‘जुन्या मशीनची ताकद नव्यात नाही,’ हे चेनसॉबद्दल, म्हणजे पट्टीभोवती साखळी फिरवून लाकूड कापणाऱ्या मशीनबद्दल, हमखास ऐकू येतं. आकडे वेगळंच सांगतात. जर्मनीच्या स्टिल कंपनीची १९५९ची ‘कॉन्ट्रा’ घ्या: ६ अश्वशक्ती, वजन १२ किलो. त्याच कंपनीची ‘एमएस ५००आय’ ६.८ अश्वशक्ती देते आणि पट्टी-साखळी सोडून ६.२ किलो भरते.

सुरक्षिततेत तर तुलनाच नको. कॉन्ट्राला चेनब्रेक, म्हणजे मशीन उसळताच साखळी थांबवणारा ब्रेक, नव्हता. पट्टीचं टोक ओंडक्यात अडकून मशीन उसळली, की फिरती साखळी थेट तोंडाकडे. थरथरही सरळ हातात उतरायची. अशा मशीनवर वर्षं काढलेल्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर व्हायची.

दुरुस्तीत मात्र जुनीला मानलं पाहिजे. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट घासा, कार्बोरेटरचा स्क्रू इंजिनाचा आवाज ऐकत थोडा इकडे-तिकडे करा, झालं काम. ५००आयला कार्बोरेटरच नाही. पेट्रोल इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने सुटतं. बिघडली की बहुधा सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि तिथलं बिल काही हलकं नसतं. तरीही दिवसभर झाडं पाडायची असतील तर मी नवीच उचलेन. कॉन्ट्रा हौसेने सांभाळावी, अधूनमधून सुरू करावी.