विसरण्याची तपासणी: लाळ, रक्त की पाठीतलं पाणी?

कळण्याच्या भाकरीचं पीठ नजरेच्या अंदाजानं घेणारी आई परातीसमोर थबकते, दूधवाल्याला एकाच महिन्यात दोनदा पैसे देते. मग जळगाव-धुळ्याकडच्या घरात प्रश्न उभा राहतो: अल्झायमरची तपासणी करायची तर कोणती? लाळेची सगळ्यांत सोयीची वाटते. सुई नाही, म्हाताऱ्या माणसाला घेऊन मुंबई गाठणं नाही. तरी आज निदानासाठी तिच्यावर विसंबू नका, असंच मी सांगेन.

लाळेत शोधतात ती अमायलॉइड बीटा ४२ आणि टाऊ (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारी) आणि लॅक्टोफेरिन ही प्रथिनं. रुग्णांच्या लाळेत लॅक्टोफेरिन कमी असतं, असं स्पेनमधल्या संशोधकांना २०१७ साली आढळलं आणि आशा पालवल्या. २०२१ साली डेन्मार्कमधल्या अभ्यासात मात्र तसा फरक दिसलाच नाही. अमायलॉइडचे आकडेही अभ्यासागणिक बदलतात. लाळ दिवसाच्या वेळेनुसार बदलते, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, हिरड्यांतून रक्त आलं की रक्तातली प्रथिनं तिच्यात मिसळतात. लॅक्टोफेरिन तर जंतूंशी लढणारं प्रथिन. हिरड्या सुजल्या की ते वाढतं, म्हणजे खरी घट झाकली जाऊ शकते. मिसरी-तंबाखूनं हिरड्या खराब झालेली म्हातारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. म्हणून ही शंका मला फार मोठी वाटते.

रक्ताची तपासणी खूप पुढे गेली आहे. पी-टाऊ २१७ (टाऊचाच एक बदललेला प्रकार) आणि अमायलॉइडच्या गुणोत्तरावर चालणाऱ्या तपासणीला एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध-तपासण्यांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, मे २०२५ मध्ये मान्यता दिली, तीही लक्षणं असलेल्या, वयानं मोठ्या माणसांसाठी. मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं, आणि जुन्या मधुमेहानं मूत्रपिंड कमजोर होऊ शकतं; तेव्हा मधुमेह जुना असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा.

पाठीतलं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) आणि अमायलॉइड पेट स्कॅन (मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारं चित्रण) अधिक भरवशाचे, पण एकात कमरेत सुई आणि दुसऱ्यात मोठा खर्च. उत्तरानं उपचार बदलणार असतील तरच त्या वाटेला जा.

या सगळ्याआधी मात्र बी-१२, थायरॉइड, मेंदूचा एमआरआय आणि स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि आईसोबत रोज राहणाऱ्या सुनेला किंवा लेकीलाच बरोबर न्या.