सावंतवाडीतल्या गणपतीच्या शाळेत घडलेली १:१८ पद्मिनी

रेझिन बॉडीच्या मॉडेल गाडीवर बारकाईने काम करून देणारं कोणी कोकणात आहे का, असं मला आता कोणी विचारलं तर मी बेधडक सावंतवाडीचा पत्ता देते. चितार आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक गणपतीची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा, आहे. बाहेर पाटी नाही. आत मूर्तीच्या साच्यांच्या मागे छोटा कंप्रेसर, रंग फवारायचे दोन एअरब्रश आणि काचेच्या कपाटात गाड्या. ही शाळा चालवणाऱ्या मेस्त्रींच्या घरात मूर्तिकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, गाड्यांचं काम मात्र त्यांनी स्वतः वाढवलंय. नाव छापू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून नुसतं मेस्त्री म्हणते.

मी त्यांना दिलेली गाडी होती १:१८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी, फियाट ११०० डी. इटालियन रूप, स्टीअरिंग डावीकडे, रंग निळसर राखाडी. मला तिची बाबांची प्रीमियर पद्मिनी करून हवी होती. मूळ साचा त्यासाठी योग्यच होता, कारण प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात हीच ११०० डी बनवायला घेतली आणि पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. छप्पर, दारं, मागचे कल्ले, सगळं तेच. बाबांची गाडी क्रीम रंगाची. देवगडात ती आंब्याच्या पेट्या वाहायची, सणाला कुणकेश्वरला जायची, आणि शेवटी खाऱ्या वाऱ्याने दाराखालचा पत्रा खाल्ला तेव्हा भंगारात गेली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून ज्याला त्याला काळीपिवळीच हवी असते. मेस्त्रींच्या कपाटातही तशा काळ्यापिवळ्या आहेत आणि त्या देखण्या आहेत. पण मला घरची गाडी हवी होती.

मी कणकवलीत दातांची लॅब चालवते. कॅप, कवळ्या, साचे हे माझं रोजचं काम, त्यामुळे रेझिन मला परकं नाही. मॉडेल गाडीचं रेझिन बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं असतं. दोन द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओततात आणि काही मिनिटांत ते घट्ट होतं. असा साचा थोड्याच ओतीवांनंतर थकतो, म्हणून या गाड्या मोजक्या संख्येत निघतात. दारं उघडत नाहीत, ही अनेकांची तक्रार असते. मला ती पटत नाही. दाराला बिजागरी द्यायची तर मापात न बसणारी फट सोडावी लागते आणि पत्र्याची रेघ बिघडते. बंद बॉडीच्या रेझिनमध्ये पद्मिनीच्या मडगार्डवरून दारापर्यंत जाणारी उतरती कड जशी दिसते, तशी उघडझाप करणाऱ्या धातूच्या गाडीत मला क्वचितच दिसली आहे. उलट बाजूही आहे. रेझिन ठिसूळ असतं, पडलं की कपचा उडतो, आणि रंगाखाली हवेचे बारीक बुडबुडे दडलेले असतात.

मेस्त्रींनी पहिल्याच भेटीत गाडी उलटी करून तळाचे स्क्रू काढले आणि बॉडी दिव्यासमोर तिरपी धरून हे बुडबुडे शोधले. छपराच्या कडेला तीन-चार आणि डिकीच्या कोपऱ्यात एक मोठा. तिथे त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पण त्याआधी पिनने बुडबुडा पूर्ण उघडला. वरून नुसती लांबी फासली तर आतली हवा पुढे उन्हात फुगते आणि रंगाला फोड येतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात गाडी द्यायला मला भीती वाटत नाही.

सगळ्यात अवघड काम होतं स्टीअरिंग उजवीकडे नेण्याचं. लोकांना वाटतं, डॅशबोर्ड आरशात दिसतो तसा उलटा केला की झालं. तसं होत नाही. मीटर उजवीकडे आणि सामानाचा कप्पा डावीकडे जातो हे खरं, पण पेडल उलटत नाहीत. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर हा डावीकडून उजवीकडचा क्रम तसाच राहतो, पूर्ण संच उचलून पलीकडे न्यावा लागतो. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या दांड्यावर असतो. इटालियन गाडीत तो उजव्या हाताला येतो, आपल्याकडे डाव्या. वायपरही दुसऱ्या बाजूला झोपतात. मेस्त्रींनी सोनाराच्या करवतीने डॅशबोर्डचे तुकडे केले, जागा बदलून जोडले, सांधे घासून सपाट केले आणि गिअरचा दांडा पितळी तारेतून नवा केला. काचेतून पाहिलं तर सांधा कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही, आणि माझ्या डोळ्यांना दाताच्या कॅपची कड तपासायची सवय आहे. जोडायला फेविक्विकच लागतं, कारण प्लास्टिकच्या मॉडेल-किटचा गोंद (सिमेंट) रेझिनला विरघळवत नाही, त्यामुळे धरतही नाही. मात्र काचा बसवताना त्यांनी फेविक्विक दूर ठेवलं आणि फेविकॉलचे बारीक थेंब वापरले. फेविक्विकच्या वाफेने पारदर्शक काच आतून धुरकट होते आणि तो धूर पुसला जात नाही.

आता रंग. बागेतल्या खोपीत बाबांच्या गाडीच्या डिकीचं झाकण अजून आहे. मी त्याचा फोटो घेऊन गेले होते. मेस्त्री म्हणाले, "बाय, फोटोवर रंग गावाचो नाय, झाकाणच घेवन ये." ते नेलं. वरचा पृष्ठभाग उन्हाने उडालेला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. बिजागरीखालची, ऊन न लागलेली बोटभर जागा पॉलिशने घासली आणि तिथे जो क्रीम उघडा पडला तो धरला. मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून तो जुळवून आणला आणि त्यात थोडा पांढरा घातला. मी कारण विचारलं. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. रस्त्यावरची गाडी आपण काही पावलांवरून पाहतो, मधल्या हवेने रंग थोडा फिका होतो, आणि मॉडेल हातभर अंतरावर असतं. दोन्ही नमुने त्यांनी आधी ट्यूबखाली आणि मग अंगणात उन्हात धरून दाखवले. पांढरा घातलेला नमुना बाबांच्या गाडीचा होता, न घातलेला कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा.

रंगाच्या जाडीबद्दलही ते तितकेच काटेकोर आहेत. १:१८ मध्ये ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळपास २ मिलिमीटर. दोन-तीन जाड हात मारले की दाराच्या फटी भरून येतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. मूळ रंग त्यांनी थिनरने काढला नाही, कारण तीव्र थिनरने रेझिनचा पृष्ठभाग मऊ पडू शकतो. वॉटर पेपरने, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरने, पाण्याखाली घासून तो पातळ केला, दाराच्या रेघा टोकदार हत्याराने पुन्हा खोल केल्या, मग प्राइमर, मग क्रीमचे झिरझिरीत हात. पाण्याखाली घासण्याचा दुसरा फायदा असा की रेझिनची धूळ उडत नाही. ती फुप्फुसाला वाईट. वरचं क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, ते गॅरेजवाल्यांचं, हार्डनर मिसळायचं वापरतात, त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं आणि साधा रुमाल किंवा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. भिंतीला दोन डब्यांचा रबरी मास्क टांगलेला दिसला, तो लावल्याशिवाय ते क्लिअरला हात लावत नाहीत. माझ्या लॅबमध्येही वाफांचा प्रश्न असतो, म्हणून मला हे आधी दिसतं आणि फार महत्त्वाचं वाटतं.

गाडी मी जूनच्या तोंडावर दिली होती. प्राइमरपर्यंत काम झालं आणि थांबलं. एक तर आषाढापासून चतुर्थीपर्यंत शाळेत पाय ठेवायला जागा नसते, आणि ते बरोबरच आहे, आधी गणपती. दुसरं कारण हवेचं. "पावसात चकाकी मारली तर पांढरी पडतली. घाई आसात तर दुसऱ्याकडे देवा," त्यांनी शांतपणे सांगितलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो. कोकणच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. घाईच्या गिऱ्हाइकाला हो म्हणून पैसे घेणारे मी पाहिले आहेत, त्यामुळे हा नकार मला पावतीपेक्षा मोलाचा वाटला. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली आणि रंगकाम झालं. छपरावर आज ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेघेत पडतं.

आणि मग लाल माती. मला गाडी नवी कोरी नको होती. आमच्या जांभ्याच्या सड्यावरून फिरणाऱ्या गाडीच्या चाकाच्या कमानीत आणि दाराखाली जी तांबूस धूळ बसते, ती हवी होती. बाजारातली तयार भुकटी मेस्त्रींनी बाजूला सारली आणि खऱ्या जांभ्याचा चुरा घेतला. तो कुटून, मलमलीतून गाळून, पाण्यात ढवळून ठेवला. जाड कण तळाशी बसले, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निवळवलं आणि त्या तळाची माती वापरली. शाडूच्या कामात मुरलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. कणाचं मापही इथे मोजावं लागतं. डोळ्याला दिसणारा ०.१ मिलिमीटरचा कण या गाडीवर २ मिलिमीटरची खडी होते आणि सगळा आभास मोडतो. माती त्यांनी फक्त कमानीच्या आत, मागच्या चाकामागे आणि दाराखालच्या पट्टीवर लावली. छपराला, बोनेटला अजिबात नाही. गंजाचे फोड फक्त डाव्या मागच्या दाराच्या खाली, जिथे बाबांच्या गाडीला होते तिथेच. जुनेपणा दाखवायच्या नादात संपूर्ण गाडी चिखलात लोळवलेली कामं मी पुष्कळ पाहते. गाडी जुनी कुठे होते हे ज्याने पाहिलंय त्याचा हात आखडता राहतो, आणि या कामाची खरी किंमत मला तिथे दिसते.

बाकीचं थोडक्यात. काचांभोवतीची चकचकीत पट्टी बेअर-मेटल फॉइलची, म्हणजे चिकटवायच्या अगदी पातळ धातूच्या वर्खाची आहे, रंगाची नाही, आणि फरक एका नजरेत कळतो. हेडलाइटच्या मधोमध मॉडेलच्या कारखान्याची जी काळी खुंटी दिसायची ती काढून आत पारदर्शक भिंग बसवलंय. पुढची जाळी बाबांच्या गाडीच्या फोटोवरून नवी केली. डॅशबोर्डवर त्यांनी बारीक गणपती करून देऊ का विचारलं, तो मोह मोठा होता. पण बाबांच्या गाडीत कुणकेश्वराच्या देवळाचा फोटो होता, आणि त्यांनी तो ४ मिलिमीटरच्या कागदावर रंगवून चिकटवला.

जे जमलं नाही तेही सांगते. छपरावरचा कॅरियर पितळी तारेचा, सुबक झाळलेला आहे, पण त्यावरच्या आंब्याच्या पेट्या फसल्या आहेत. फळ्या जाड आहेत, लाकूड फार स्वच्छ आहे, आणि त्यावरची 'देवगड हापूस' ही अक्षरं खऱ्या मापात धरली तर वीतभर उंचीची होतील. पेटीच्या फटीतून गवत डोकावायला हवं, ते नाही. मी पेट्या काढून ठेवल्या आहेत, कॅरियर रिकामाच शोभतो. टायरही मूळचेच मऊ राहिले. असे टायर रंगवलेल्या पाटावर वर्षानुवर्षे टेकले तर तेल सोडून डाग पाडू शकतात, म्हणून मी तळाखाली अॅक्रिलिकची ठोकळी देऊन चाकं अधांतरी ठेवली आहेत.

मजुरी साडेसात हजार झाली, साहित्य धरून. नुसता रंग आणि फॉइल हवं असेल तर बरंच कमी होईल, स्टीअरिंग हलवायचं असेल तर एवढं धरून चला. आगाऊ अर्धे घेतात. गाडी दिवाळी ते शिमगा या काळात नेऊन द्या, पावसाळ्यात फक्त चौकशीला जा, तीही चतुर्थीनंतर. स्वतः नेऊन द्या, आणि नेताना उन्हात बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने रेझिन मऊ पडून तळ वाकतो. वाकलाच तर गरम पाण्यात धरून सपाट पाटावर गार होईपर्यंत दाबून ठेवला की सरळ होतो, मेस्त्री ते करून देतात, पण रंगवलेल्या बॉडीला हा उपाय करता येत नाही. मूळ गाडीचा एखादा तुकडा, पत्रा, दाराचं हँडल, काहीही घरात असेल तर सोबत न्या. फोटो न्यायचे तर उन्हातले, चारही बाजूंचे, आणि एक चाकाच्या कमानीत वाकून काढलेला.