रीब्रीदर छातीवर की पाठीवर?

पाठीवर दोन टाक्या घेऊन समुद्रात उतरणाऱ्या मैत्रिणीला पहिला रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा घ्यायला देणारं डायव्हिंगचं यंत्र) घ्यायचाय. कुठला, ते ठरत नाही.

आधी श्वास. आडवं पोहताना छातीवरची श्वासपिशवी (सोडलेला श्वास जिथे जमतो ती) फुप्फुसांपेक्षा किंचित खोल असते. तिथे दाब जास्त, म्हणून श्वास सहज आत येतो, सोडताना जोर लागतो. पिशवी पाठीवर असली की उलट, ओढताना जोर. तासा-दोन तासांत हा फरक अंगावर येतो, म्हणून विकत घेण्याआधी पाण्यात घालून पाहाच.

सामानात छातीवरचा जिंकतो. बॅगेत मावतो, आणि पाठीवरच्या ओळखीच्या टाक्याच बेलआउटला, म्हणजे यंत्र बिघडलं तर श्वास घ्यायला, उपयोगी पडतात. पण छातीवर गर्दी होते: ड्रायसूटचा (अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाचा) व्हॉल्व्ह झाकला जातो, बोटीची शिडी चढताना यंत्र मध्ये येतं, अरुंद गुहेत जाडी वाढते.

छातीवरच्या छोट्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना कमी मावला, तर वेळही कमी. थंड पाण्यात आणखी कमी. जाहिरातीतले तास सोडा, चाचणीचं तापमान विचारा.

(लष्करी डायव्हरांचा द्रेगर कंपनीचा छातीवरचा संच पाहून भुलू नका. तो शुद्ध ऑक्सिजनचा, ६ मीटरखाली धोक्याचा.)

विमानाने फिरणाऱ्या, टाक्यांना सरावलेल्या माणसाला छातीवरचा. एकाच ठिकाणी, बोटीवरून, लांब डाइव्ह करणाऱ्याला पाठीवरचा. प्रशिक्षण मात्र प्रत्येक यंत्राचं वेगळं.