उंच उडीची अंतिम फेरी अखंड पाहताना : एका ऑलिंपिक प्रक्षेपण सेवेचे परीक्षण

पुरुषांच्या उंच उडीची ऑलिंपिक अंतिम फेरी दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा तुकडेच येतात. त्याच वेळी शर्यती चालू असतात, कॅमेरा तिकडे वळतो आणि परत येतो तेव्हा आडवी दांडी दोन टप्पे वर गेलेली असते, तीन-चार स्पर्धक बाद झालेले असतात आणि ते कसे बाद झाले हे सांगायला कोणाला वेळ नसतो. मी वर्गणी भरून घेतलेल्या एका स्ट्रीमिंग सेवेवर प्रत्येक मैदानी प्रकाराचे स्वतंत्र आणि न तोडलेले चित्रण मिळते, हे लक्षात आल्यावर टोकियोची (१ ऑगस्ट २०२१) आणि पॅरिसची (१० ऑगस्ट २०२४) अशा दोन्ही अंतिम फेऱ्या मी पहिल्या उडीपासून शेवटच्या उडीपर्यंत पाहिल्या.

अखंड चित्रणाचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे हुकलेल्या उड्या दिसतात. उंच उडीत निकाल केवळ ओलांडलेल्या उंचीवर ठरत नाही. दोघांची उंची सारखी असेल, तर त्या उंचीवर कोणाचे प्रयत्न कमी हुकले हे आधी पाहतात आणि तरीही बरोबरी राहिली तर स्पर्धेच्या सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतचे सगळे हुकलेले प्रयत्न मोजतात. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात, प्रेक्षक अजून जागेवर बसत असताना, सोप्या वाटणाऱ्या उंचीवर टाचेने पाडलेली दांडी शेवटी पदकाचा रंग बदलू शकते. टोकियोत तिघांनी २.३७ मीटर ओलांडले, पण बेलारूसच्या माक्सिम नेदासेकाउला कांस्यपदकावर थांबावे लागले, कारण कतारचा मुताझ बारशिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी यांनी तोवर एकही प्रयत्न वाया घालवला नव्हता. नंतर २.३९ मीटरवर दोघेही तीनदा अपयशी ठरले आणि आम्हाला दोन सुवर्णपदके मिळू शकतील का, असे बारशिमने पंचांना विचारले. ते दोन मिनिटांचे दृश्य जगाने पाहिले आहे. मात्र त्याआधीची दोघांची ती निर्दोष मालिका उडीमागून उडी पाहिल्याशिवाय त्या प्रश्नामागचा हक्क समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पॅरिसची फेरी मी तीन वेळा पाहिली. न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅक्युअन दोघेही २.३६ मीटरवर आले, बारशिम २.३४ मीटरसह तिसरा राहिला. केर आणि मॅक्युअन यांच्यात प्रयत्न मोजूनही बरोबरी सुटली नाही आणि सुवर्णपदक वाटून न घेता त्यांनी निर्णायक उड्या मारायचे ठरवले. या निर्णायक फेरीत प्रत्येक उंचीवर एकेकच प्रयत्न असतो. दोघेही चुकले तर दांडी दोन सेंटिमीटर खाली येते. २.३८ मीटरवर दोघे चुकले, मग २.३६ मीटरवरही चुकले, जी उंची त्यांनी काही वेळापूर्वी पार केली होती. अखेर २.३४ मीटरवर मॅक्युअनची उडी हुकली, केर पार झाला आणि हिरवळीवर धावत सुटला. दमलेल्या पायांची ही उतरती भाजणी अखंड चित्रणात जशी जाणवते, तशी संक्षिप्त झलकीत जाणवणे शक्यच नाही, कारण तिथे फक्त पार झालेल्या उड्या ठेवलेल्या असतात. त्याच दिवशी मूतखड्याच्या वेदनांनी त्रस्त असलेला ताम्बेरी २.२२ मीटर पार करून २.२७ मीटरवर बाद झाला. त्याचा प्रत्येक प्रयत्नही इथे पूर्ण पाहायला मिळतो.

चित्रणाचा दर्जा उत्तम आहे. बाजूचा कॅमेरा धावण्याचा वक्र मार्ग पूर्ण दाखवतो, त्यामुळे शेवटच्या पावलांत खेळाडू वळणाच्या आतल्या बाजूला किती झुकतो आणि उसळी घेण्याआधी शरीर किंचित खाली कसे जाते, हे स्पष्ट दिसते. १९६८ साली मेक्सिकोत डिक फॉसबरीने पाठीवरून उडी मारून २.२४ मीटरसह सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून ही पद्धत हळूहळू सर्वांची झाली. पण तिचे गमक हवेतल्या कमानीइतकेच या वक्र धावेत आहे आणि ते समजण्यासाठी स्थिर, लांबचा कॅमेराच हवा. संथ गतीतली दृश्ये मात्र जास्त झाली आहेत. दांडी थरथरताना दाखवली की पुढच्या खेळाडूच्या धावेची सुरुवात हुकते, आणि मला ती सुरुवात हवी असते.

आता उणिवा. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे प्रयत्नांचा तक्ता पडद्यावर क्वचितच येतो. कोणी उंची सोडून पुढे गेला, तर केवळ आडवी रेघ दिसते आणि ती दोन सेकंदांत नाहीशी होते; हातात उरलेले प्रयत्न पुढच्या उंचीसाठी राखण्याचा तो डाव होता, हे नवख्या प्रेक्षकाला कळणार नाही. घड्याळही दिसत नाही. स्पर्धक तीनपेक्षा जास्त असतील तर उडीसाठी एक मिनिट, दोन किंवा तीन उरले तर दीड मिनिट मिळते, आणि त्या वेळेतली चलबिचल हाच खेळाचा अर्धा रस आहे. याहून वाईट म्हणजे सूचीतल्या छोट्या चित्रावरच पदक घातलेला विजेता दाखवला आहे. मी ही तक्रार सेवेच्या ग्राहक विभागाला लिहून कळवली. यांत्रिक पोच मिळाली, चित्र तसेच आहे.

तरीही मैदानी खेळांवर प्रेम करणाऱ्याने ही वर्गणी जरूर घ्यावी. पाहायला बसताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, खेळाडूंची नावे उभी आणि उंची आडवी मांडून तक्ता स्वतः भरावा. पार झाल्यास शून्य, हुकल्यास फुली. पॅरिसच्या दुसऱ्या पाहणीत मी तसे केले आणि केर व मॅक्युअन यांच्या ओळींतल्या फुल्या मोजत असताना निर्णायक फेरी होणार हे समालोचकाने सांगण्याआधीच मला कळले होते.